म्युश्टाइर, त्सिलिस आणि डिसेन्टिस: स्वित्झर्लंडमधल्या जुन्या मठांबद्दल थोडं (की बरंच)

उनाड_पाऊल

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. झुरिकला येऊन मला आता बरीच वर्षं झाली, आणि दर मे-जूनमध्ये भारतातून कोणी ना कोणी येतंच, काका-काकू, मित्र, मित्राचे सासू-सासरे. सगळ्यांची यादी एकच असते, टिटलिस, युंगफ्राउ, ऱ्हाइनचा धबधबा, एक दिवस लुत्सर्न. त्यात वाईट काहीच नाही, बर्फ बघायचाच असतो माणसाला. पण मागच्या वर्षी माझी आत्या आली, तिचं इतिहासात एम.ए. झालंय, तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "अरे, इथे डोंगरात जुनं काही आहे का? म्हणजे आपल्या लेण्यांसारखं, माणसांनी केलेलं?" मग मी तिला घेऊन तीन दिवस ग्राउब्युंडेनमध्ये फिरलो आणि त्यातून हा धागा निघाला.

ग्राउब्युंडेन म्हणजे स्वित्झर्लंडचा आग्नेय कोपरा, क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा कॅन्टन (म्हणजे इथलं राज्य), सगळा डोंगर आणि खोरी. इथे जर्मन आणि इटालियन बोलतातच, शिवाय रोमान्श नावाची लॅटिनपासून आलेली भाषा आहे, बोलणारे साधारण साठ हजार. १९३८ साली लोकांनी मतदान करून तिला राष्ट्रीय भाषेचा दर्जा दिला. हे आधी सांगतोय कारण गावांची नावं त्याशिवाय कळत नाहीत. म्युश्टाइर हे नाव आलंय लॅटिन 'मोनास्टेरिउम'वरून, म्हणजे गावाचं नावच मठ! डिसेन्टिसला रोमान्शमध्ये मुश्टेर म्हणतात, तेही तेच. आत्या लगेच म्हणाली, आपल्या वेंगुर्ल्याजवळ नाही का मठ नावाचं गाव.

तर म्युश्टाइर. झुरिकहून आधी लांडक्वार्ट, तिथून लाल गाडीने फेराइना बोगद्यातून (एकोणीस किलोमीटरचा आहे) त्सेर्नेट्स, आणि तिथून पिवळी पोस्टाची बस. ही बस राष्ट्रीय उद्यानातून जाते, ओफन पासवर २१४९ मीटर चढते नि मग पलीकडे हळूहळू उतरत जाते, आणि अगदी शेवटच्या गावात, जिथून इटलीची हद्द चालत गाठता येते, तिथे रस्त्याला लागूनच मठाची भिंत येते. बाहेरून बघितलं तर खरं सांगतो, साधं वाटतं. पांढऱ्या भिंती, एक घंटेचा मनोरा, एक दणकट चौकोनी बुरूज, आणि मागे गाई चरतायत.

मठ बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाचा, येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानच्या नावाने. दंतकथा अशी की फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन ७७४ साली इटलीतलं लॉम्बार्डांचं राज्य जिंकून उम्ब्राइल पासवरून परतत होता, हिमवादळात सापडला, वाचलो तर मठ बांधीन असा नवस बोलला. दंतकथा म्हणून सोडून दिली असती, पण पुढे संशोधकांनी बांधकामातल्या लाकडाची वर्तुळं मोजली आणि झाड तोडल्याचं साल निघालं ७७५ च्या आसपासचं! म्हणजे नवस खरा असो-नसो, काळ तंतोतंत जुळतो. सुरुवातीला इथे पुरुष साधू होते, बाराव्या शतकापासून जोगिणी (म्हणजे नन्स) आल्या, आणि आजही आहेत, मोजक्याच उरल्यात पण आहेत. साडेबाराशे वर्षं एकाच जागी दिवसातून कित्येकदा प्रार्थना चालू आहे.

आत गेलो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन मिनिटं लागली आणि मग भिंती दिसायला लागल्या. चारही बाजूंना चित्रं. समोर तीन अर्धगोल कोनाडे, तिन्ही चित्रांनी भरलेले, आणि दोन्ही लांब भिंतींवर ओळीने चौकटी, एकाखाली एक, जुन्या करारातल्या नि येशूच्या गोष्टी. विटकरी, गेरू, पिवळी माती असे रंग. इतक्या जुन्या काळातलं, म्हणजे नवव्या शतकाच्या आसपासचं, एवढं मोठं चित्रकाम युरोपात दुसरीकडे कुठे टिकलेलं नाही असं म्हणतात. मागच्या भिंतीवर शेवटच्या न्यायनिवाड्याचं चित्र आहे, त्या विषयावरच्या अगदी पहिल्या मोठ्या चित्रांपैकी एक.

आता यातली खरी गंमत ऐका. ही चित्रं शेकडो वर्षं कुणाला दिसतच नव्हती. साधारण १२०० मध्ये जुन्या चित्रांवर नवा गिलावा चढवून दुसऱ्या चित्रकारांनी कोनाड्यांमध्ये नवी चित्रं काढली, ती रोमनेस्क नावाच्या मध्ययुगीन शैलीची, रंग जास्त उजळ, हेरोद राजाच्या मेजवानीत सालोमे नाचतेय, योहानचं शिर तोडतायत, वगैरे. मग पंधराव्या शतकाच्या शेवटी सपाट छत जाऊन कमानींचं छत आलं, आणि पुढे केव्हातरी सगळ्यावर चुना फिरला. १८९४ मध्ये योझेफ त्सेम्प आणि रोबर्ट डुरर हे दोन अभ्यासक कमानींच्या वरच्या माळ्यावर चढले आणि तिथे जुन्या भिंतीचा जो वरचा पट्टा छताच्या मागे अडकला होता त्यावर त्यांना चित्रं दिसली. खालची चित्रं मोकळी व्हायला मात्र १९४७ ते १९५१ उजाडलं.

मी आणि आत्या मधल्या कोनाड्याच्या जवळ उभे होतो. तिथे एका ठिकाणी वरचा थर संपतो आणि खालचा सुरू होतो, कडा अगदी स्पष्ट दिसते, बोटाच्या पेराएवढी सुद्धा नाही जाडी, आणि खालच्या थरावर ओळीने टोच्याचे खड्डे आहेत. आत्याने विचारलं हे काय? तिथली मार्गदर्शक बाई म्हणाली, वरचा गिलावा धरावा म्हणून १२०० च्या गवंड्याने जुन्या चित्रालाच टाचे मारलेत. आत्या किती वेळ त्या खड्ड्यांकडे बघत होती. नंतर बाहेर येऊन म्हणाली, त्या माणसाला वाईट वाटलं असेल का रे? मला काही उत्तर सुचलं नाही.

तेच विचारायचंय तुम्हाला. दोन थर आहेत, एक चारशे वर्षांनी जुना, दुसरा वरचा पण तोही आठशे वर्षांचा. दोन्ही एकाच वेळी दिसू शकत नाहीत. तुम्ही काय ठेवाल?

त्सिलिस, डिसेन्टिसबद्दल प्रतिसादांत लिहितो, इथेच खूप लांबलंय.

पिंपळपान

वा! वाचनखूण साठवली. आम्ही २०१८ ला सात दिवसांची टूर केली होती, असलं काही आहे हे टूरवाल्याने सांगितलंसुद्धा नाही. फोटो टाका ना.

कातळशिल्प

एक गोष्ट लिहावीशी वाटली. म्युश्टाइर जागतिक वारसा यादीत १९८३ ला गेलं, स्वित्झर्लंडच्या पहिल्या तीन ठिकाणांत, बाकीची दोन म्हणजे बर्नचं जुनं शहर आणि सांक्ट गालेनचा मठ. आणि आपली अजिंठा-वेरूळ पण १९८३ चीच! भारताच्या पहिल्या चारात. म्हणजे हे दोघं एकाच वर्गात भरती झालेत. दोन्हीकडे भिंतीवरची चित्रं, दोन्हीकडे मठ, दोन्हीकडे मधली काही शतकं कुणाचं लक्ष नाही, १८१९ ला अजिंठा इंग्रजाला दिसलं आणि इकडे १८९४. फरक एवढाच की अजिंठ्याचे भिक्खू गेले ते गेलेच, इथे जोगिणी चित्रांच्या शेजारी राहत होत्या, नुसत्या त्यांना ती दिसत नव्हती.

गवंडीकाम

मी संवर्धनातच काम करते (जुने वाडे, देवळं), त्यामुळे हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आधी थोडं तंत्राबद्दल, कारण त्यात सगळं आहे. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो नि परत दगड होतो, त्या दगडात रंग अडकतो. म्हणून ही चित्रं हजार वर्षं राहतात. गिलावा ओला आहे तोवरच काम, म्हणून आज जेवढं होईल तेवढाच तुकडा लिंपायचा. बारकावे मागाहून सुक्यावर काढलेले असतात आणि ते आधी झडतात, म्हणून अशा भिंतींवर चेहऱ्याचा आकार असतो पण डोळ्यातली बुबुळं गेलेली असतात. अजिंठ्याचं उलट आहे, ती चित्रं कोरड्यावर आहेत, खाली मातीचा गिलावा, त्यामुळे नेमक्या अर्थाने ती फ्रेस्को नाहीत जरी सगळे तसं म्हणत असले तरी.

आता तुमचा प्रश्न. माझं मत सांगते, जोवर वरचा थर सुस्थितीत आहे तोवर त्याला हात लावायचा नाही. खालचा आहे हे कळलं, नोंद झाली, बस. वरचा थर काढणं म्हणजे आठशे वर्षांचं काम एका माणसाच्या आवडीसाठी संपवणं. आज आपल्याला नववं शतक भारी वाटतंय, उद्या कुणाला बारावं वाटेल. पण म्युश्टाइरला चाळीसच्या दशकात काम झालं तेव्हा विचार वेगळा होता, सगळ्यात जुनं ते सगळ्यात मोलाचं. तरी त्यांनी कोनाड्यांत रोमनेस्क चित्रं बरीचशी जागेवर ठेवली, आणि काही अलगद उतरवून संग्रहालयात नेली, हे त्या काळाच्या मानाने पुष्कळ समजूतदार काम आहे.

बारामतीकर

गवंडीकाम ताई, अलगद उतरवून म्हणजे? भिंतीवरचं चित्र उतरवता येतं?

गवंडीकाम

येतं. चित्रावर कापड चिकटवायचं, सुकलं की रंगाचा थर (कधी गिलाव्यासकट) मागून सोडवायचा, मग नव्या पाटीवर बसवायचा आणि पुढचं कापड काढायचं. भयंकर जोखमीचं काम, थोडं तरी नुकसान होतंच. म्युश्टाइरच्या माळ्यावरची काही चित्रं १९०८-०९ मध्ये अशीच काढून झुरिकच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेली, दावीद राजा आणि त्याचा मुलगा अब्शालोम यांची गोष्ट आहे त्यात.

उनाड_पाऊल

@गवंडीकाम, किती छान समजावलंत. बुबुळांचं मी बघितलं होतं पण कारण माहीत नव्हतं! एका संताचे डोळे पूर्ण कोरे आहेत आणि आत्याला वाटलं मुद्दाम तसे काढलेत.

आता त्सिलिस. ग्राउब्युंडेनची राजधानी कूर, तिथून तुझिस, तिथून बसने फिया माला नावाच्या घळीतून. फिया माला म्हणजे वाईट वाट, आणि नाव सार्थ आहे, खाली ऱ्हाइनचा फाटा, वर दोन्ही बाजूंना कडे, मधे वितभर आकाश. जुन्या काळी स्प्ल्युगन आणि सान बेर्नार्दिनो घाटांनी इटलीला जायचे व्यापारी, यात्रेकरू, सैनिक सगळे इथून. घळ संपली की खोरं एकदम मोकळं होतं आणि गवताच्या मैदानात एक चर्च उभं दिसतं, संत मार्टिनचं.

आत बाकं, पांढऱ्या भिंती, आणि दारातच आरसे ठेवलेले. हातात धरायचे, ताटलीएवढे. आरसा पोटाशी आडवा धरायचा आणि त्यात छत बघत हळूहळू चालायचं, म्हणजे मान दुखत नाही. छतावर १५३ चौकोनी फळ्या आहेत, आडव्या नऊ, उभ्या सतरा, प्रत्येक साधारण ९० सेंटिमीटर, आणि प्रत्येकीवर एक चित्र. १११० च्या आसपासचं काम. एवढं जुनं रंगवलेलं लाकडी छत, तेही जवळजवळ अख्खं, युरोपात क्वचितच राहिलंय. चित्रं खाली जमिनीवर रंगवून मग वर बसवली.

कडेच्या ४८ फळ्यांवर समुद्र आहे, लाटा आणि त्यात विचित्र प्राणी, पुढून एक जनावर नि मागून माशाची शेपटी. कोपऱ्यांत देवदूत. म्हणजे जगाच्या भोवती समुद्र, आणि आत कोरडी जमीन जिथे येशूची गोष्ट घडते, ९८ फळ्यांवर. आणि शेवटच्या ओळीत सात फळ्या संत मार्टिनच्या, त्याने भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून दिला ती गोष्ट. सगळ्यात चटका लावणारी गोष्ट अशी की येशूची कथा काट्यांच्या मुकुटापाशी थांबते. क्रूस नाही, मरण नाही, पुनरुत्थान नाही. लगेच मार्टिन सुरू. का, यावर अभ्यासकांचे बरेच तर्क आहेत. आत्याने आरसा तिथेच धरून ठेवला होता, मागे रांग लागली तरी हलेना.

आजोळ

आरशात छत बघायची कल्पना किती साधी नि किती चांगली. आणि ते माशाच्या शेपटीचे प्राणी वाचून मला आपला मकर आठवला! देवळाच्या तोरणावर, पाण्याच्या मोरीच्या तोंडाशी, गंगेचं वाहन म्हणून. पुढे हत्तीची सोंड किंवा मगरीचं तोंड आणि मागे मासा. संबंध आहे असं म्हणत नाही, पण पाण्याची भीती दाखवायला दोन्हीकडच्या माणसाला एकाच पद्धतीचं जनावर सुचलं याचं फार नवल वाटतं.

हिमफूल

मी कूरमध्ये राहते, नोकरीसाठी, त्यामुळे हा धागा बघून इतका आनंद झाला! थोडी भर घालते. इथलं कॅथेड्रल १२७२ मध्ये पूर्ण होऊन अभिषेक झालेलं, बांधायला शंभरावर वर्षं लागली. आत उभं राहिलं की काहीतरी वाकडं आहे असं वाटतं, आणि खरंच वाकडं आहे, वेदीचा भाग आणि लोकांचा भाग एका रेषेत नाहीत. मुख्य वेदी लाकडात कोरलेली, याकोब रुस नावाच्या कारागिराची, १४८६ ते १४९२. कूरच्या बिशपचा उल्लेख ४५१ सालचा आहे, आल्प्सच्या उत्तरेकडच्या अगदी जुन्या बिशपच्या पीठांपैकी हे एक.

आणि एक, इथे सोळाव्या शतकात धर्मसुधारणा आली तेव्हा प्रत्येक गावाने स्वतः ठरवलं कोणता पंथ. १५२४ आणि १५२६ मध्ये इलान्त्सला करार झाले. म्हणून आजही एक गाव कॅथलिक आणि बसच्या पुढच्या थांब्यावरचं प्रोटेस्टंट. म्युश्टाइर कॅथलिक राहिलं, शेजारचं सान्ता मारिया प्रोटेस्टंट झालं. त्सिलिसपण प्रोटेस्टंट, तरी छत राहिलं बघा, हे नशीबच म्हणायचं कारण त्या काळात कितीतरी ठिकाणी चित्रं पुसली.

मांडवी

गोव्यातून लिहितेय. चुन्याचा विषय निघाला म्हणून.

आमच्या जुन्या गोव्यातलं बॉम जेझुस, जिथे संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष आहेत, ते आज बाहेरून तांबडं दिसतं आणि लोकांना वाटतं ते असंच होतं. नव्हतं. त्याला चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीत बाल्ताझार काश्त्रू नावाच्या वास्तुविशारदाने तो काढून टाकला, जांभा उघडा दिसावा म्हणून, जास्त प्राचीन दिसावं म्हणून. आणि जांभा म्हणजे काय ते कोकणातल्यांना सांगायला नको, आमच्या पावसात उघडा राहिला की भुसभुशीत होतो, पाणी आत मुरतं. दर पावसाळ्यात त्या भिंती थोड्या थोड्या जातात. गिलावा परत लावा असं कितीतरी जण सांगतात, पण लोकांच्या मनात तांबडं चर्च इतकं बसलंय की त्यांना पांढरं नकोच वाटतं.

म्हणून मला तुमच्या प्रश्नात तिसरा थर पण मोजावासा वाटतो, तो साधा पांढरा चुना. चित्र नाही, काही नाही, पण म्युश्टाइरची चित्रं त्याच चुन्याखाली इतकी वर्षं झाकून राहिली ना.

गवंडीकाम

@मांडवी, अगदी मनातलं लिहिलंत. चुन्याला आम्ही भिंतीची कातडी म्हणतो. श्वास घेते ती, ओल आत आली तरी बाहेर जाऊ देते. सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि दगड आतून कुजतो. आपल्याकडचे जुने गवंडी चुना महिनोन्‌महिने भिजत ठेवायचे, बैलाच्या घाण्यावर दळायचे, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी. आज तो चुना मळून देणारा माणूस शोधायला मला तीन तीन तालुके फिरावे लागतात.

बारामतीकर

हे वाचून गप्प बसवत नाही. आमच्या गावचं देऊळ, काळ्या दगडाचं, हेमाडपंती म्हणतात तसलं, खांबांवर नक्षी. दहा-बारा वर्षांपूर्वी जीर्णोद्धार झाला. खांबांना ऑइलपेंट, लाल-पिवळा-निळा, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स, पुढे पत्र्याचा मंडप. वर्गणी माझ्या वडिलांनीपण दिली होती, सगळ्यांनीच दिली, भक्तीने दिली. कुणाची वाईट इच्छा नव्हती. पण आता तिथे गेलो की मला माझ्या आजीचा हात धरून बघितलेले ते खांब सापडत नाहीत. ओल धरून रंग फुगतो, दर दोन वर्षांनी नवीन थर. तुमचा तो टाच्यांचा किस्सा वाचून तेच आठवलं.

ऑइलपेंट काढता येतो का दगडावरून?

गवंडीकाम

येतो, दगड बसाल्ट असेल तर बऱ्यापैकी येतो. पण सँडब्लास्टिंग कुणालाही करू देऊ नका, नक्षीची धार जाते ती परत येत नाही. लेप लावून, मऊ ब्रशने, हाताने, टप्प्याटप्प्याने करायचं. एका खांबाच्या मागच्या बाजूला वितभर जागेवर करून बघायचं आधी. आणि वर परत काही लावायचं नाही. गावाला पटवायचं असेल तर एकच खांब मोकळा करून दाखवा, बाकीचं लोक स्वतः म्हणतील. व्यनि करा, माझ्या माहितीतले लोक सांगते.

बारामतीकर

केला. मनापासून आभार.

कातळशिल्प

अजिंठ्यातपण हे झालंय. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले, त्यांनी चित्रं पक्की करायला शेलॅक (लाखेचं रोगण) लावलं. त्या वेळचं उत्तम ज्ञान तेच होतं. पण शेलॅक पिवळं पडलं, काळवंडलं, आणि पुढच्या लोकांना ते काढत बसावं लागलं. म्हणून मी गवंडीकाम यांच्या बाजूने, जे परत काढता येत नाही ते करायचंच नाही.

उनाड_पाऊल

धाग्याने कुठलं कुठे नेलं मला. बारामतीकर, खांब मोकळा झाला की इथे फोटो टाकाच.

डिसेन्टिसचं थोडक्यात. आठव्या शतकातला मठ, तोही बेनेडिक्टाइन, साधू अजून आहेत, शाळा चालवतात. आज दिसतो तो बरोक (म्हणजे भरपूर सजावटीच्या) शैलीचा, प्रचंड पांढरा, खोऱ्याच्या कुठल्याही टोकावरून दिसणारा. चर्च १६९६ ते १७१२ मधलं. १७९९ ला फ्रेंच सैन्याने आग लावली त्यात मठाचा ग्रंथसंग्रह गेला. मला आतला सोनेरी थाट तितका भावला नाही, माझी आवड म्युश्टाइरसारखी.

पण त्याच खोऱ्यात, सुमवीच गावाच्या वर चढून गेलं की एक लहानसं प्रार्थनाघर आहे, सोन्य बेनेदेच. तिथलं जुनं चॅपेल १९८४ मध्ये हिमकड्याखाली गेलं. १९८८ मध्ये पेटर त्सुमटोर यांनी नवीन बांधलं, पूर्ण लाकडाचं. त्सुमटोर आधी ह्याच कॅन्टनच्या वारसा खात्यात जुन्या इमारतींच्या नोंदी करायचे, आणि ते दिसतं. बाहेरून लार्च झाडाच्या लाकडाच्या छोट्या छोट्या फळकुट्या, माशाच्या खवल्यांसारख्या. दक्षिणेकडच्या उन्हाने जवळजवळ काळ्या झाल्यात, उत्तरेकडच्या चांदीसारख्या राखाडी. मी हात फिरवून बघितला, उन्हातली बाजू कोमट होती नि फळकुट्यांच्या कडा कुरकुरीत. आत पानाच्या आकाराची खोली, खांब भिंतीपासून थोडे सुटे, उजेड फक्त वरून. आत्या बाकावर बसली आणि पंधरा मिनिटं एक शब्द बोलली नाही.

पिंपळपान

मग प्रश्न असा की जुनं होतं तसंच का नाही बांधलं? वारसा म्हणायचं आणि नवीन डिझाइन करायचं, मला जरा पटत नाही.

हिमफूल

जुनी जागा हिमकड्याच्या वाटेवर होती ना. नवीन चॅपेल जिथे आहे तिथे वरच्या जंगलाचा आडोसा आहे. आणि तसंच्या तसं बांधलं असतं तर ते नकली झालं असतं, गेलेलं गेलं हे मान्य करून नव्याने मनापासून बांधणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

तिचीनो कॅन्टनमध्ये मोन्यो नावाच्या वाडीत असंच झालं. १९८६ च्या एप्रिलमध्ये हिमकड्याने सतराव्या शतकातलं चर्च नेलं. मारिओ बोत्ता यांनी त्याच जागी नवीन बांधलं, पांढरा संगमरवर आणि राखाडी दगड यांचे आडवे पट्टे, वर तिरपं काचेचं छत. तेव्हा तिथल्या लोकांत भरपूर वाद झाले होते. आज तेच बघायला लोक येतात. ते आणि सोन्य बेनेदेच दोन्ही बघितल्यावर मला सोन्य बेनेदेच जास्त जवळचं वाटतं, पण हे ज्याच्या त्याच्या मनाचं.

आजोळ

हिमफूल, घरांबद्दल पण लिहा ना. एंगाडिनमधल्या नक्षीच्या घरांचे फोटो बघितलेत फक्त.

हिमफूल

त्याला स्ग्राफितो म्हणतात, आणि इथेपण चुनाच! खाली वाळूचा करडा गिलावा, त्यावर पांढरा चुना, आणि तो ओला असतानाच खिळ्याने, पट्टीने खरवडायचा म्हणजे खालचा करडा दिसतो. फुलं, लाटा, सूर्य, आणि दारावर रोमान्शमध्ये एखादं वचन. गुआर्दा गावात सगळ्यात छान दिसतात, ते गाव जपल्याबद्दल १९७५ चा वाकर पुरस्कार (इथला वारसा जपणाऱ्या गावांना देतात तो) मिळालाय त्याला. घरांची रचना पण बघण्यासारखी, दार मोठं कमानीचं कारण गवताची गाडी घरातूनच मागच्या गोठ्यात जायची, आतल्या त्या मोठ्या ओसरीला सुलेर म्हणतात. खिडक्या छोट्या आणि बाहेरून आत निमुळत्या, थंडी आत येऊ नये पण उजेड यावा म्हणून. मला आमच्या वाड्याच्या देवडीची आठवण येते दर वेळी.

मांडवी

पुढच्या सप्टेंबरात मुलाकडे बाझेलला येतेय. दोन दिवस मिळतील, जास्त नाही. गुडघे दुखतात, चढ नको. काय बघू?

उनाड_पाऊल

मांडवी काकू, चढ नको तर सोन्य बेनेदेच सोडा. पहिल्या दिवशी कूर आणि तिथून त्सिलिस, दोन्ही सपाट आहे, कूरच्या कॅथेड्रलला थोडा चढ आहे तेवढाच. रात्री एंगाडिनमध्ये मुक्काम, त्सेर्नेट्सला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने म्युश्टाइर, बस मठाच्या दारातच थांबते. संग्रहालयाच्या बुरुजात जिने आहेत, ते नाही केलं तरी चालेल, चर्चमध्ये मात्र निवांत बसा. शक्य असेल तर तिथेच मुक्काम करा, मठाचं अतिथीगृह आहे, आधी कळवावं लागतं.

आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला थांबा. आम्ही थांबलो होतो. पर्यटक गेले, दिवे मंद झाले, मागच्या सज्जातून जोगिणींचं गाणं सुरू झालं, आवाज थोडेच आणि म्हातारे, एकीचा आवाज मधेच कापत होता. समोरची चित्रं अंधारात जवळजवळ दिसेनाशी झाली, फक्त सोनेरी वलयं तेवढी जाणवत होती. आत्या हळूच म्हणाली, ह्या भिंतींनी हेच ऐकलं असेल, झाकलेल्या होत्या तेव्हासुद्धा.

मांडवी

ठरलं मग. मुलाला आत्ताच फोन करून सांगते. आरसा घरून आणायला नको ना? 😊

उनाड_पाऊल

नको काकू, तिथे दारातच असतात. दुर्बीण असेल तर मात्र आणा, म्युश्टाइरच्या भिंतींवरच्या वरच्या ओळी उंचावर आहेत.